पुग्लिएसेंना रात्रीच्या शेवटच्या तासापुरतं ठेवू नका: टँगो नाचणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

मुंबई-पुण्यात टँगो शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या, मिलोंगा म्हणजे टँगो नाचायचे मेळावे भरवणाऱ्या आणि तिथे गाणी लावणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातलाच एक म्हणून हे पत्र लिहितो आहे. विषय आहे आर्जेन्टिनाचे टँगो पियानोवादक आणि वाद्यवृंदाचे नायक ओस्वाल्दो पुग्लिएसे. आपल्या मिलोंगांमध्ये त्यांची तांदा, म्हणजे लागोपाठच्या तीन-चार रचनांची माळ, हमखास लागते, पण ती रात्री उशिरा, अर्धी माणसं घरी गेल्यावर. ‘ला युम्बा’, ‘गाशो सिएगो’ किंवा ‘आ एव्हारिस्तो कार्रिएगो’ लागलं की उरलेली जोडपी सगळी जागा व्यापून नाचतात, मोठमोठी पावलं टाकतात, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतं. नवशिक्यांना आपणच सांगतो, हे अवघड आहे, अजून दोन वर्षांनी नाच. असं करत करत पुग्लिएसे म्हणजे रंगमंचावरचं, दाखवायचं संगीत असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे.

हा समज मोडावा यासाठी हे पत्र. पुग्लिएसेंच्या वाद्यवृंदाचा आवाज तसा का आहे याचं उत्तर तो वाद्यवृंद कसा चालवला जात होता यात सापडतं, आणि ते आपल्या वर्गांमध्ये कुणीच सांगत नाही. मिलोंगा भरवणाऱ्यांसाठी त्यात पैशांचाही मुद्दा आहे. तिथपर्यंत येतोच, पण आधी माणसाबद्दल सांगू द्या.

पुग्लिएसे 2 डिसेंबर 1905 रोजी ब्युनोस आयर्सच्या व्हिया क्रेस्पो भागात जन्मले. कामगारांची, स्थलांतरितांची वस्ती. वडील आदोल्फो चपला-बुटांच्या धंद्यात कारागीर होते आणि हौसेने टँगोच्या छोट्या संचांत बासरी वाजवत. थोरले दोघे भाऊ व्हायोलिन वाजवत. ओस्वाल्दोनेही सुरुवात व्हायोलिननेच केली, पण हात रमला पियानोवर. आई आवरेलिया मुलगा रियाजाला बसला की त्याला ‘कोलोनला जा, कोलोनला!’ म्हणायची. तेआत्रो कोलोन म्हणजे त्या शहराचं भव्य ऑपेरागृह. चांभारकाम करणाऱ्याच्या घरातल्या आईने मुलासाठी बघावं इतकं मोठं स्वप्न.

पंधरा-सोळाव्या वर्षी तो वाजवू लागला वस्तीतल्या ‘ला चांचा’ नावाच्या कॅफेत. चांचा म्हणजे डुकरीण. मालकीणबाईंच्या स्वच्छतेबद्दल गिऱ्हाइकांनी दिलेला तो शेरा होता. तिथून लवकरच कोर्रिएंतेस रस्त्यावरच्या कॅफे दोमिंगेसमध्ये, पाकिता बेर्नार्दोच्या संचात. पाकिता ही आर्जेन्टिनात व्यवसाय म्हणून बॅन्डोनिऑन, म्हणजे ॲकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य, वाजवणारी पहिली स्त्री. बॅन्डोनिऑन मांडीवर ठेवून भाता उघडत-मिटत वाजवायचा असल्यामुळे बाईने ते वाद्य घेऊन लोकांसमोर बसणंच त्या काळी अनेकांना खटकायचं. तिला पाहायला इतकी गर्दी व्हायची की रस्त्यावरची वाहतूक अडायची. त्या संचात पियानोवर पुग्लिएसे होते आणि व्हायोलिनवर एल्व्हिनो व्हार्दारो. पाकिता 1925 मध्ये, पंचविशी गाठायच्या आत गेली, आणि तिच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण मागे राहिलं नाही. आपल्या वर्गांमध्ये तिचं नाव मी कधीच ऐकलेलं नाही. तेवढं तरी कुणीतरी सांगायला हवं.

1924 च्या सुमारास पुग्लिएसेंनी ‘रेकुएर्दो’ रचलं. वय कमी, त्यामुळे रचनेची नोंद वडिलांच्या नावावर झाली. व्हायोलिनवादक हुलियो दे कारोंच्या सेक्स्टेटने, म्हणजे सहा जणांच्या संचाने, 1926 मध्ये ती ध्वनिमुद्रित केली आणि त्या एका तबकडीने टँगोत पुढे काय काय होऊ शकतं ते दाखवून दिलं. ‘रेकुएर्दो’ नीट ऐका. तीन भाग, प्रत्येकाची चाल निराळी, आणि शेवटी बॅन्डोनिऑनची ती धावती, श्वास न सोडणारी फेरी. एकोणीस वर्षांच्या पोराने हे लिहिलं, यावर माझा अजून नीट विश्वास बसत नाही.

पुढची दहा-पंधरा वर्षं मात्र ओढाताणीची गेली. 1929 मध्ये व्हार्दारोंच्या जोडीने सेक्स्टेट काढलं. त्यात काही काळ अगदी तरुण आनिबाल त्रोइलो आणि आल्फ्रेदो गोब्बी वाजवून गेले. पुढे हे दोघेही स्वतःच्या वाद्यवृंदांचे मोठे नायक झाले. सेक्स्टेट गावोगावी दौऱ्यावर निघालं आणि पैशांच्या बाबतीत पार बुडालं. त्याचंही ध्वनिमुद्रण नाही. त्याच सुमारास बोलपट आले आणि मूकपटांच्या पडद्याखाली वाजवून पोट भरणाऱ्या शेकडो वादकांची कामं गेली. पुग्लिएसेंनी स्वतः मूकपटांना साथ केलेली होती. कॅफेमालक ठरवेल ती बिदागी, वाद्यवृंदाचा नायक देईल तो वाटा, आजारी पडलं की काहीच नाही. वादकांची ही हालत त्यांनी आतून पाहिली. 1930 च्या दशकाच्या मध्यावर ब्युनोस आयर्सच्या वादकांनी स्वतःची संघटना उभी केली तेव्हा ते पहिल्या काही सभासदांत होते. 1936 मध्ये, स्पेनमधलं यादवी युद्ध पेटलं त्या वर्षी, ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, ते बाजूला ठेवून त्यांचं संगीत समजत नाही. कारण 11 ऑगस्ट 1939 रोजी कोर्रिएंतेसवरच्या ‘एल नासिओनाल’ कॅफेत त्यांचा जो वाद्यवृंद पहिल्यांदा वाजला तो सहकारी तत्त्वावर उभा होता. मिळालेले पैसे गुणांप्रमाणे वाटले जात. किती वर्षं संचात आहे, तालमींना आणि कार्यक्रमांना वेळेवर येतो का, संचासाठी किती रचना आणि किती मांडणी करून देतो, अशा गोष्टींवर प्रत्येक वादकाचे गुण ठरत. पुग्लिएसेंचा वाटाही याच हिशेबातून यायचा. नायक म्हणून वर मालकी हक्काचा वेगळा तुकडा नव्हता. महाराष्ट्रात सहकार काय असतो हे समजावून सांगायला नको, पण नाचाच्या वाद्यवृंदात, तेही 1939 साली, हे कुणी करून दाखवलं याची आपल्याला कल्पना नसते.

आता याचा आवाजाशी काय संबंध, ते पाहा.

त्या काळात नाचणाऱ्यांचा लाडका होता दुसऱ्या एका वाद्यवृंदाचा नायक, हुआन दारिएन्सो. जलद, टोकदार ठेका, पावलाला लगेच पकडता येणारा. तो 1935 नंतर असा चालला की इतर अनेकांनी लय वाढवली. पुग्लिएसेंची वाट दे कारोंच्या परंपरेतून आली होती. त्यांची लय थांबते, ओढली जाते, पुन्हा सुटते. डबल बास आणि पियानोचे खालचे सूर मात्रेच्या जरा आधीपासून घसटत येतात आणि पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पूर्ण वजनानिशी आदळतात. बॅन्डोनिऑनवाले गुडघ्यावरून भाता खाली सोडतात, वाद्याचं स्वतःचं वजन त्या आघातात उतरतं. मधेच सगळं विरघळतं, एकट्या व्हायोलिनची ओळ उरते, लय जवळजवळ थांबते, आणि मग दहा-बारा माणसं एकाच क्षणी परत समेवर येतात. समोर छडी घेऊन उभा असलेला कुणी नाही. पियानोवर बसलेल्या माणसाची मान आणि एकमेकांचा श्वास, एवढ्यावर हे चालतं.

हे तालमीतून येतं, आणि अशी तालीम माणसं टिकली तरच शक्य होते. ओस्वाल्दो रुज्जिएरो हा बॅन्डोनिऑनवादक 1939 मध्ये सतरा वर्षांचा असताना आला आणि 1968 पर्यंत राहिला. पहिलं व्हायोलिन एन्रिके कामेरानो, डबल बासवर आनिसेतो रोस्सी आणि पुढे त्यांचा मुलगा आल्सिदेस. ही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी बसली. बिदागीसाठी दर हंगामात दुसऱ्या संचात उडी मारावी लागली असती तर तो ओढलेला, एकत्र श्वास घेणारा ठेका कधी घडलाच नसता. माझं हे ठाम मत आहे, आणि त्या काळच्या इतर संचांमधली वादकांची ये-जा पाहिली की ते आणखी पक्कं होतं.

दुसरी गोष्ट रचनांची. गुण मिळत म्हणून वादक लिहीत, आणि नायक त्यांचं लिहिलेलं वाजवत असे. ज्याला आपण सरसकट ‘पुग्लिएसेंचं संगीत’ म्हणतो त्यातलं कितीतरी या साथीदारांचं आहे. ‘ला बोर्दोना’ एमिलिओ बाल्कार्सेंचं. ‘नोस्ताल्खिको’ हुलिआन प्लासांचं. ‘पातेतिको’ होर्खे काल्दारांचं. ‘नोचेरो सोय’ ऑस्कार एर्रेरोंचं. ‘पाता आंचा’ मारिओ देमार्कोंचं. त्यांच्या स्वतःच्या ‘ला युम्बा’, ‘नेग्राचा’ आणि ‘मालांद्राका’ या तीन रचना चाळिशीच्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या आणि पुढच्या टँगोकारांना त्यांनी नवी दारं उघडून दिली. पण त्या तिघींशेजारी बाकीच्यांचं लेखन त्याच मानाने वाजत राहिलं. गाणी लावणाऱ्या मित्रांनो, पडद्यावर वाद्यवृंदाचं नाव आणि साल तुम्ही देता, फार चांगली सवय आहे. त्यात रचनाकाराचं नाव घाला. एका ओळीचं काम आहे.

तुरुंगाची गोष्ट तुमच्यातल्या अनेकांनी ऐकली असेल: पियानोवर ठेवलेलं लाल कार्नेशनचं फूल. ती भावुक दंतकथा म्हणून सांगितली जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. पुग्लिएसेंना त्यांच्या राजकारणासाठी अनेकदा अटक झाली. राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या सरकारने 1955 मध्ये त्यांना व्हिया देव्होतोच्या तुरुंगात काही महिने ठेवलं. पेरोन यांना हटवून आलेल्या लष्करी सरकारनेही त्यांना पकडलं. रेडिओवर त्यांच्या वाद्यवृंदाला वेळोवेळी बंदी होती, आणि त्या काळात रेडिओ नाही म्हणजे नवे कार्यक्रम नाहीत. नायक आत असताना साथीदार नाचाच्या जागी जात, पियानोवर लाल कार्नेशन ठेवत आणि वाजवत. लोकांना कळायचं, ते का आले नाहीत.

आता विचार करा. दुसऱ्या कुठल्या संचात हे घडलं असतं? नायकाला पकडलं की संच फुटायचा, कारण करार त्याचा, नाव त्याचं, पैसे त्याच्या हातून येणार. इथे संच सगळ्यांचा होता. हिशेबाची वही चालू होती, घरी बसलेल्या कुटुंबांचा वाटा चालू होता. ते फूल ज्या व्यवस्थेमुळे त्या पियानोवर रोज ठेवता आलं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नाचणाऱ्यांनीही त्यांना सोडलं नाही. व्हिया क्रेस्पो आणि आसपासच्या वस्त्यांतल्या क्लबांमध्ये त्यांचे चाहते फुटबॉलच्या संघामागे जावं तसे जायचे, स्टेजला चिकटून उभे राहायचे आणि आईचाच तो शब्द ओरडायचे: ‘आल कोलोन! आल कोलोन!’ रोबेर्तो चानेल आणि आल्बेर्तो मोरान हे त्यांचे गायक. मोरान गाऊ लागला की मुली नाचणं थांबवून ऐकायला पुढे सरकत.

1959 मध्ये वाद्यवृंद सोव्हिएत संघ आणि चीनच्या दौऱ्यावर गेला, 1965 मध्ये जपानला. आणि मग 1968. रुज्जिएरो, बाल्कार्से, प्लासा, एर्रेरो, व्हिक्तोर लाव्हायेन आणि आल्सिदेस रोस्सी, म्हणजे संचाचा कणाच, बाहेर पडला आणि त्यांनी ‘सेक्स्तेतो तांगो’ काढलं. गायक होर्खे मासिएलही त्यांच्याबरोबर गेला. इथे कडवट कहाणी अपेक्षित असते. पुग्लिएसेंनी तशी होऊ दिली नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा तरुण वादक गोळा केले. रोदोल्फो मेदेरोस, दानिएल बिनेल्ली, हुआन होसे मोसालिनी हे बॅन्डोनिऑनवादक त्या नव्या फळीतले. पुढे तिघांनीही आपापली वाट काढली, मोसालिनी तर फ्रान्समध्ये जाऊन कित्येकांचे गुरू झाले. माणसं घडवायची आणि ती जायला निघाली की जाऊ द्यायची. वाद्यवृंद चालवणाऱ्याला याहून अवघड काम मला सुचत नाही.

26 डिसेंबर 1985 रोजी, ऐंशी वर्षांचे झाल्यावर काही आठवड्यांनी, ते तेआत्रो कोलोनच्या रंगमंचावर आले. खच्चून भरलेलं ऑपेरागृह, आणि मंचावर आजी-माजी साथीदार. लोकांना उद्देशून बोलताना त्यांनी आईचा तो शब्द आठवला. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. पाहाच. 1989 च्या जूनमध्ये ॲम्स्टरडॅमच्या कार्रे नाट्यगृहात त्यांचा वाद्यवृंद आणि आस्तोर पियाझोलांचं सेक्स्टेट एकाच रात्री वाजले आणि अखेर सगळे मिळून ‘ला युम्बा’ आणि ‘आदिओस नोनिनो’. 25 जुलै 1995 रोजी ते गेले. कन्या बेबा पियानोवादक आणि वाद्यवृंदाची नायिका झाली. नात कार्लाही पियानोच वाजवते. कोर्रिएंतेसखालून धावणाऱ्या मेट्रोच्या मालाबिया स्थानकाला आज त्यांचं नाव जोडलेलं आहे. आणि आर्जेन्टिनातले कलाकार, अगदी रॉक वाजवणारेसुद्धा, त्यांचं छोटं चित्र देवाच्या तसबिरीसारखं जवळ बाळगतात. कार्यक्रमाआधी काही विघ्न येऊ नये म्हणून ‘पुग्लिएसे, पुग्लिएसे, पुग्लिएसे’ असं तीनदा म्हणतात. देव न मानणाऱ्या माणसाचं नाव असं घेतलं जातं. मला त्यात वावगं काही दिसत नाही. वादकांनी आपल्यासाठी भांडलेल्या माणसाला दिलेला तो मान आहे.

आता मागण्यांकडे येतो.

शिक्षकांनो, नवशिक्यांना पुग्लिएसेंपासून दूर ठेवू नका. 1943 ते 1946 मधली ध्वनिमुद्रणं घ्या. पहिलं ध्वनिमुद्रण 15 जुलै 1943 चं, त्यातलं चानेलने गायलेलं ‘फारोल’ सहा महिने शिकलेल्या माणसालाही नाचता येतं. ठेका स्पष्ट आहे, गाणं सरळ आहे, आणि तरी ती ओढ आहेच. थांबायचं कसं, घाई न करता पुढच्या मात्रेची वाट कशी पाहायची, हे शिकवायला याहून चांगलं साधन नाही. उलट आपण दोन वर्षं फक्त दारिएन्सोवर चालवतो आणि मग तक्रार करतो की विद्यार्थी धावतात.

नाचणाऱ्यांनो, पुग्लिएसे लागले की पावलं मोठी करायची गरज नाही. ब्युनोस आयर्सच्या गर्दीने भरलेल्या क्लबांमध्ये हात पसरायला जागा नसायची, तिथे हे संगीत नाचलं गेलं. सगळं नाट्य मिठीच्या आत घडायचं. शेजारच्या जोडप्याला धक्का देऊन घडणारं नाट्य त्या रचनांमध्ये लिहिलेलं नाही.

आणि मिलोंगा भरवणाऱ्यांनो, पैशांचा मुद्दा. आपल्याकडे आता अधूनमधून प्रत्यक्ष वादकांना बोलावलं जातं, ही फार आनंदाची गोष्ट आहे. बॅन्डोनिऑन इथे मिळत नाही, तर कुणी ॲकॉर्डियनवर, कुणी व्हायोलिन आणि पियानोवर मेहनत करून टँगो बसवतात. अशाच एका कार्यक्रमात, नाव घेत नाही, चार तरुण वादक तीन तास वाजवून गेले. त्यांना मिळालं जेवण आणि ‘तुमची ओळख होईल’ एवढं आश्वासन. त्याच रात्री परदेशातून आलेल्या नृत्यशिक्षकांचं मानधन आगाऊ चुकतं केलेलं होतं, हॉलचं भाडंही. त्या रात्रीची शेवटची तांदा पुग्लिएसेंची होती.

हे मला सहन झालं नाही, म्हणून हे पत्र.

तिकिटाचे पैसे आले की पहिला वाटा वादकांचा काढा. किती, ते आधी ठरवा, लिहून द्या, आणि तालमींचेही धरा. कार्यक्रम तोट्यात जाईल अशी भीती असेल तर वादकांना विश्वासात घ्या, हिशेब त्यांच्यासमोर मांडा आणि जे येईल ते ठरलेल्या प्रमाणात वाटा. पुग्लिएसेंनी हेच केलं, तेही रेडिओवर बंदी असताना, अटकेची टांगती तलवार असताना. आपल्याला तर असला कुठलाच जाच नाही.

पुढच्या मिलोंगात, रात्री नऊ-साडेनऊला, सगळे हजर असताना, पुग्लिएसेंची एक तांदा लावा अशी विनंती आहे. माझी निवड देऊन ठेवतो: ‘माला हुंता’ (1943), ‘रेकुएर्दो’ (1944), ‘तिएर्रा केरिदा’ (1944), ‘रासा क्रिओया’ (1945). चारही नुसत्या वाद्यांच्या आहेत, आणि चारही मजेत नाचता येतात. ‘रेकुएर्दो’ लावण्याआधी ते कुणी, कितव्या वर्षी रचलं हे दोन वाक्यांत सांगा. ज्या कार्यक्रमात वादक आहेत तिथे त्यांची नावं पत्रिकेवर शिक्षकांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. आणि वादकांच्या बिदागीसाठी तिकिटाचा दर वाढवावा लागला तर वाढवा, मी तो देईन. माझ्यासारखे आणखी बरेच देतील याची मला खात्री आहे.

आपला,
पुण्यातला एक टँगोप्रेमी